पिस्टन भिंतीवर टांगण्याआधी

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही नव्या कॅफेत जा. पुण्यात, नाशकात, ठाण्यात, कुठंही. गिलावा न केलेल्या विटांच्या भिंतीवर एक स्टिअरिंग व्हील टांगलेलं असतं. शेजारी दोन गंजलेल्या नंबर प्लेट, एक गोल हेडलाइट ज्यात आता पिवळा बल्ब बसवलाय, आणि 'रूट ६६' लिहिलेला पत्र्याचा बोर्ड. त्याच्याखाली बसून आपण कोल्ड कॉफी पितो, फोटो काढतो, स्टोरी टाकतो. आणि घरी आलो की वाटतं, आपल्या रूमवर पण असलं काहीतरी पाहिजे यार.

वाटू दे की. मला स्वतःला गाडीचा जुना पार्ट भिंतीवर बघायला कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त आवडतो. तो जड असतो, खरा असतो, त्यानं काहीतरी काम केलेलं असतं. पण गेल्या काही वर्षांत ही जी फॅशन आलीय, तिच्यात मला एक गोष्ट खटकते, आणि ती तुमच्याशी बोलायचीय. माझं म्हणणं असं की जो पार्ट अजून एखाद्या गाडीत बसून काम करू शकतो, त्याला भिंतीवर टांगू नका. जो मेलाय तो खुशाल टांगा. फक्त तो कशानं मेला, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

आता 'गॅरेज' या शब्दाचीच गंमत बघा. ही डेकोरची कल्पना ज्या अमेरिकेतून आली तिथं गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली गाडी ठेवायची खोली. शनिवार-रविवारी बाप-लेक तिथं गाडी खोलत बसतात. गाड्यांच्या भंगारच्या वाड्यात आपला टूलबॉक्स घेऊन जातात, हवा तो पार्ट स्वतः खोलून आणतात. त्या खोलीच्या भिंतीवर जे लागतं ते बरंचसं त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. आपल्याकडे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर रस्त्यावर, नाहीतर अंगणात ताडपत्रीखाली. आपल्या मराठीत 'गॅरेज' म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते मिस्त्रीचं दुकान. पत्र्याची शेड, काळी पडलेली जमीन, आणि एक पोरगा जो 'काका, बाराचा पाना द्या' म्हटल्यावर न बघता बाराचाच पाना उचलून देतो.

त्या गॅरेजची भिंत कधी नीट बघितलीत? खिळ्यांना गास्केटं लटकवलेली. जुने फॅन बेल्ट, क्लचच्या केबल, ट्यूब. कोपऱ्यात देवाचं कॅलेंडर आणि त्याच्यासमोर उदबत्ती खोचायला एक जुना पिस्टन. टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलेली बेअरिंगची रिंग. हे डेकोर म्हणून कुणी केलेलं नसतं. बेल्ट लटकतोय कारण अडीनडीला रात्री कुणाला घरापर्यंत पोचवायला उपयोगी पडेल. पिस्टन उदबत्तीला दिलाय कारण तो आता कशालाच उपयोगी नाही, पण टाकवतही नाही. म्हणजे चालणारं काय आणि संपलेलं काय, याचा हिशोब त्या भिंतीवर रोज चालू असतो. दसऱ्याला त्याच पान्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. कॅफेवाल्यानं इंटिरिअर डिझायनरला पैसे देऊन जे उभं केलं त्याचं मूळ हे आहे. त्यातला फक्त हिशोब गळाला.

तो हिशोब शिकायला मजा येते, खरंच. एखादा मेलेला पिस्टन हातात घ्या. तळहातावर मावेल एवढा अॅल्युमिनियमचा डबा. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे फिरत असेल तर हा डबा सेकंदाला ऐंशीहून जास्त वेळा वर जाऊन खाली येतो, आणि दर वेळी दोन्ही टोकांना पूर्ण थांबतो. आता त्याच्या बाजूवर बघा. उभे ओरखडे दिसतायत? म्हणजे ऑइल कमी पडलं, पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरला घासत घासत जाम झाला. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं. पंपावर कुणी ते घालायला विसरलं की झालं, भर रस्त्यात इंजिन सीज. तुमच्या वडिलांना विचारा, हा शब्द त्यांच्या काळजात कुठंतरी रुतलेला असणार.

पिस्टनच्या डोक्यावर मधोमध भोक असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आतली आग हाताबाहेर गेली. बाइकचा मागचा स्प्रॉकेट बघा: दाते एका अंगाला झुकून करवतीसारखे झाले असतील, तर चेन सैल राहिली, तेलपाणी झालं नाही, आणि मालकानं 'चालतंय ना, मग चालू दे' म्हणत दिवस काढले. क्लचच्या प्रेशर प्लेटवर निळसर जांभळे डाग दिसले तर समजा की कुणीतरी घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायचा. लोखंड तापलं की असा रंग धरतं. स्पार्क प्लगचं टोक काजळीनं काळं असेल तर पेट्रोल जास्त जात होतं, पांढरंफट असेल तर कमी. बिस्किटासारखा भुरा रंग म्हणजे सगळं ठीक होतं. डिस्क ब्रेकच्या चकतीवर तर बहुतेकदा कमीत कमी किती जाडी चालेल ते कोरलेलंच असतं. त्याखाली गेली की ती मेली. भिंतीवर ती दिसतेही छान, आणि घड्याळ करायला तर आयती गोल.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी डिप्लोमाला नाहीतर इंजिनिअरिंगला कॅमशाफ्टची ड्रॉइंग काढली असेल. त्यातल्या कितीजणांनी तो अंडाकृती उंचवटा बोटांनी चाचपलाय? हे टोमणे मारायला म्हणत नाहीये. कॉलेजच्या लॅबमधलं 'कट सेक्शन' इंजिन सगळीकडे सारखंच लाल-पिवळं रंगवलेलं असतं आणि त्याला हात लावला की सर ओरडतात. म्हणून म्हणतो, पाठ्यपुस्तकात नसलेली ही सगळी माहिती एका झिजलेल्या पार्टवर लिहिलेली असते. आणि फॅशनवाले नेमकं तेच करतात जे करू नये: ते पार्टला पॉलिश पेपर मारून, प्रायमर लावून, वरून सोनेरी किंवा 'मॅट ब्लॅक' स्प्रे मारतात. ओरखडे गेले, निळे डाग गेले, गोष्ट गेली. उरला चकचकीत डबा. असला डबा नवाच घ्या ना, ऑनलाइन मिळतो.

ऑनलाइनवरून आठवलं. 'व्हिंटेज लुक' नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंचसं कधी कुठल्या गाडीला लागलेलंच नसतं. नव्या पत्र्यावर छापलेला गंज, नव्या पत्र्यावर छापलेली अमेरिकन नंबर प्लेट. नव्या पत्र्याला कापून जीपचं तोंड बनवायचं आणि भिंतीला ठोकायचं. ज्याला आवडतं त्यानं घ्यावं, त्यात चोरीचपाटी काही नाही. पण कॅलिफोर्नियाची नंबर प्लेट तुमच्या भिंतीवर काय करतेय, हा प्रश्न मला पडतो. १९८९ पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच गाड्यांवर 'एमएच' नव्हतं, 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. घरी जुना अल्बम काढून बघा, कुणाच्या तरी लग्नातल्या सजवलेल्या गाडीवर सापडतील. तो नंबर तुमच्या घराचा आहे. रूट ६६ नाही.

आता ज्यामुळे हे सगळं लिहायला घेतलं त्या मुद्द्याकडे येतो. खरा पार्ट हवा म्हणून जेव्हा चालती किंवा चालू होऊ शकणारी गाडी कापली जाते, तेव्हा काय होतं?

पद्मिनीचं उदाहरण घ्या. मुंबईची काळी-पिवळी. 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून १९६४ मध्ये आली, पुढं तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. गंमत म्हणा की दैव म्हणा, त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडवर आज जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार भरलेला असतो. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली होती. त्या दोन महिन्यांत सगळ्यांचे डोळे ओले झाले, रील्स निघाल्या, आणि लगेच मागणी आली: पद्मिनीचं तोंड सोफ्याला पाहिजे, काउंटरला पाहिजे, भिंतीला पाहिजे.

ज्या टॅक्सीचं खालचं सगळं कुजलंय, जिच्यातून बूट घातला तर रस्त्याला लागतो, तिचं तोंड कापून भिंतीला लावलं तर माझी तक्रार नाही. ती तशीही भट्टीत जाणार होती. पण सगळ्या पद्मिनी टॅक्सी नव्हत्या. कुणाच्या आजोबांनी जपलेली, कुणाच्या बंगल्यात उभी असलेली, थोडं काम केलं तर चालणारी अशा खासगी पद्मिनी अजून आहेत. आणि त्यांना पार्ट लागतात. पुढची क्रोमची जाळी, हेडलाइटची रिंग, दाराचं हँडल, 'पद्मिनी' लिहिलेलं अक्षर. कंपनी आता हे बनवत नाही. जगात जेवढे नग उरलेत तेवढेच. त्यातली एक चांगली, न गंजलेली जाळी तुमच्या कॅफेच्या भिंतीवर गेली की एका गाडीला बोळकं तोंड घेऊन फिरावं लागतं, नाहीतर ताडपत्रीखाली तसंच पडून राहावं लागतं.

यात कायद्याचीही एक बाजू आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आता हिशोब करा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आज पन्नाशी पार करून बसल्यात. सुरुवातीच्या बजाज चेतकही तशाच, कारण चेतक आली १९७२ ला. म्हणजे ज्या गाड्या आता कुठं मानाच्या यादीत बसायला पात्र होतायत, त्यांनाच आपण 'ऍस्थेटिक' म्हणून मधून कापतोय. हे म्हणजे आजीची पैठणी उशीच्या अभ्र्यासाठी फाडण्यासारखं आहे. अभ्रा सुंदर होईल, यात वाद नाही.

कुणी म्हणेल, पिकासोनं नाही का केलं? केलं की. सायकलची सीट आणि हँडल जोडून त्यानं १९४२ मध्ये बैलाचं डोकं बनवलं, आणि ते बघितल्यावर सायकलची सीट पुन्हा साधी दिसत नाही. पण ती सीट आणि हँडल त्याला अडगळीच्या ढिगात सापडले होते. चंदीगडचं नेकचंद यांचं रॉक गार्डन असंच, टाकलेल्या, फुटलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं. टाकलेल्यातून काहीतरी करणं आणि करायला मिळावं म्हणून चांगलं फोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भट्टीत जाणं वाईट असतं असंही समजू नका. आपल्याला उगाच वाटतं की भिंतीवर गेला तो पार्ट वाचला आणि भंगारात गेला तो वाया गेला. जालन्याला जा, तिथल्या स्टीलच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या बनतात. तुमच्या बिल्डिंगच्या कॉलममध्ये कुणाची तरी जुनी चासी असू शकते. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांत बिडाचं भंगार वितळून त्यातून पुन्हा गाड्यांचेच पार्ट ओतले जातात. अॅल्युमिनियमचं तर असं आहे की खनिजापासून नवं बनवायला जेवढी ऊर्जा लागते त्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा भंगार वितळवून वापरलं तर वाचते. तेव्हा पाच पिस्टन, तीन रिम आणि एक सायलेन्सर भिंतीला लावून 'आम्ही रिसायकल करतो' असं इन्स्टावर लिहू नका. तुम्ही हौस करताय. हौस करायला कुणाची परवानगी लागत नाही, तिला पर्यावरणाचं लेबल कशाला?

सायलेन्सरचा विषय निघालाच आहे म्हणून. इको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीत चोरीला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यात उत्सर्जन कमी करणारा जो कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू असतात, म्हणून ही चोरी. भंगाराच्या बाजारात आलेला प्रत्येक पार्ट मेलेल्या गाडीतूनच आलाय असं नसतं. एखाद्या गाडीचा लोगो, नवाकोरा साइड मिरर, चकाचक अलॉय 'मस्त स्वस्तात' मिळत असेल तर विचारायला लाजू नका: कुठून आला? विकणारा नजर चुकवत असेल तर चालू पडा. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे, आणि तुमच्यासाठी जी दोनशे रुपयांची हौस असते ती एखाद्या टेम्पोवाल्याची दोन दिवसांची कमाई असते. हॉस्टेलमध्ये पार्किंगमधल्या गाड्यांचे लोगो उखडून दारावर चिकटवायची जी मर्दुमकी चालते, तिला तर मी डेकोर म्हणायलाच तयार नाही.

आणि विकत घेताना समोरच्या माणसाकडेही बघा. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, किंवा नाना पेठेत, किंवा कुर्ल्यात, जो माणूस हातात पाना आणि घण घेऊन गाडी सुटी करत बसलेला असतो, त्याच्या हातात बहुतेक वेळा साधे हातमोजेही नसतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, बॅटरीत शिसं असतं, खाली ऑइल सांडलेलं असतं. तो दिवसभर त्यात असतो. आपण तिथं जातो, 'भैया, हा कितीला' म्हणून घासाघीस करतो, घरी येऊन सॅनिटायझर लावतो आणि त्याच्या कामातून निघालेली वस्तू ड्रॉइंगरूममध्ये 'इंडस्ट्रियल लुक' म्हणून मिरवतो. आपल्या क्लासमधला कुणी आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतो म्हणाला तर घरात काय चेहरे होतात ते आठवा. ग्रीस भिंतीवर चालतं, नखात चालत नाही. हा दुटप्पीपणा मला त्या सोनेरी स्प्रेपेक्षा जास्त बोचतो.

तुमच्या घरातच जुनी गाडी असेल तर? तर तुम्ही नशीबवान. आजोबांची चेतक, आत्याची लुना, काकांची आरएक्स हंड्रेड. आधी एकदा मिस्त्रीला दाखवा, ती चालू होते का ते बघा. चेतक तिरकी करून किक मारायची असते हे तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. ती चालू झाली तर भिंतीचा विषय संपला, पेट्रोल भरा. खरंच काही होण्यासारखं नसेल तरच पुढचा विचार. आणि तेव्हा एक काम विसरू नका. गाडी कायमची बाद झाली की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणं ही मोटार वाहन कायद्यातली मालकाची जबाबदारी आहे. गाडी भंगारवाल्याला दिली आणि आरसी बुक कपाटातच राहिलं, तर कागदावर ती गाडी अजून आजोबांचीच असते. तिच्या नंबरवर पुढं काय काय होईल कोण जाणे. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर रीतसर सर्टिफिकेट मिळतं. आठवण म्हणून काय काढून घेता येईल ते तिथं देण्याआधीच विचारा. हेडलाइट, हॉर्न, किक, स्पीडोमीटर ठेवा. चासी नंबर कोरलेला तुकडा मात्र भिंतीसाठी नाही, तो नोंदणी रद्द करण्याच्या कामाचा आहे. नंबर प्लेट लावली तर फोटो टाकताना दोन आकडे झाका.

टांगायचं कसं, ते झटपट सांगतो, कारण व्हिडिओ भरपूर आहेत आणि त्यातले बरेच चुकीचे. अलॉय रिम साधारण आठ-दहा किलोची असते, टायरसकट आणखी जड. नव्या बिल्डिंगच्या पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी ठोकून त्यावर ती टांगली तर आज ना उद्या ती खाली येणार, आणि ती पलंगाच्या वर असेल तर बघायलाच नको. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम शोधा, अँकर फास्टनर मारा. भाड्याच्या रूमवर असाल तर भिंत विसरा, जमिनीवर टेकवून ठेवा, डिपॉझिट वाचेल. पार्ट धुवायचा तर उघड्यावर, डिझेलनं, आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये पेट्रोलनं तर चुकूनही नाही. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. गंज थांबवायला शिलाई मशीनचं तेल पुरतं, पावसाळ्यात दोनदा हात फिरवला की झालं. कोकणात राहत असाल तर चारदा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. अलीकडच्या गाडीचं स्टिअरिंग घेऊ नका. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत ती होती. न फुटलेली एअरबॅग म्हणजे आत स्फोटक भरलेला डबा. ती खोलून 'साफ' करायला जाणं म्हणजे लक्ष्मीबार तोंडाशी धरून वात शोधण्यासारखं. तशीच दाबून बसवलेली शॉक अॅब्सॉर्बरची स्प्रिंग, ती योग्य हत्याराशिवाय सोडवायला जाऊ नका. जुनी स्टिअरिंग चालतील, साधं पातळ चाक, मधे हॉर्नचं बटण.

ही हौस आत्ताच एवढी का वाढलीय, याचं माझं उत्तर तसं साधं आहे. चेतक २०२० मध्ये परत आली, लुना २०२४ मध्ये, दोन्ही विजेवर. नव्या चेतकला ना किक आहे, ना कार्बुरेटर, ना ती तिरकी करावी लागते. छानच आहे, शहराची हवा सुधारणार असेल तर हवीच. पण याचा अर्थ असा की पिस्टन, व्हॉल्व्ह, प्लग, क्लच प्लेट हे शब्द रोजच्या बोलण्यातून हळूहळू जाणार. तुमच्या मुलांना कदाचित भिंतीवरचा पिस्टन दाखवून 'हे काय होतं' ते सांगावं लागेल. तेव्हा 'कॅफेत असतो तसला शोपीस' एवढंच उत्तर तुमच्याकडे नसावं, असं मला वाटतं.

म्हणून ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी गल्लीतल्या गॅरेजवर जा. संध्याकाळी जा, सकाळी काकांना वेळ नसतो. त्यांना सांगा, काका, कामातून गेलेला एखादा पार्ट पाहिजे, भिंतीवर लावायला. आधी ते हसतील. मग बाकाखालच्या डब्यात हात घालतील आणि तीन-चार तुकडे काढून तुमच्यासमोर ठेवतील. त्यातला एक उचला आणि विचारा, हा कशानं गेला? काका पाना खाली ठेवतील, हात फडक्याला पुसतील, आणि सुरुवातच करतील ती गाडी कुणाची होती इथपासून. अर्धा तास तरी जाणार हे धरून चाला. बहुतेक ते पार्टचे पैसे घ्यायचे नाहीत. चहाचे तुम्ही द्या.